घुशीला पुरून उरलेला ड्रम

मी एक जुना ड्रम आहे, मित्रांनो. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पोटात गरगर फिरणारा, अंगभर बारीक भोके असलेला, स्टीलचा ड्रम.

कारखान्यातून मी दोन बहिणींच्या घरी आलो. थोरली दवाखान्यात परिचारिका, धाकटी शिवणकाम करणारी. थोरलीचे पांढरे गणवेश धुऊन मी आरशासारखे लख्ख करी. "गुणाचं आहे हो आमचं यंत्र!" असे धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण पुढे मोटार जळाली, यंत्र खोलले गेले आणि मी मागच्या अंगणात धूळ खात पडलो.

त्या अंगणात त्यांच्या आईने ट्यूलिप लावले होते. कांद्यासारखे हे कंद थंडीत मातीखाली निजतात आणि वसंतात फुलतात. आई गेली आणि एक घूस दरवर्षी जमीन पोखरून कंद फस्त करू लागली. शेवटी सातच उरले.

"ताई, आता पुरे," धाकटी म्हणाली. "आपण फरशी घालून टाकू."

"आईनं इतकी वर्षं कंद जपले, ते घुशीला मेजवानी द्यायला?"

तेवढ्यात दुरुस्तीवाला मला उचलायला आला. "बाई, हा भंगारात जाईल."

थोरलीने माझ्या भोकांवरून बोट फिरवले. "भंगारात नाही, जमिनीत जाईल!"

तिने मला गळ्यापर्यंत पुरले, तळाचे मोठे भोक विटेच्या तुकड्याने बुजवले, आत भुसभुशीत माती भरून कंद लावले आणि तोंडावर तारेची जाळी बांधली. जादा पाणी माझ्या भोकांतून निघून जाई, त्यामुळे कंद कुजले नाहीत.

मग ती आली! कर्र कर्र... माझ्या पाठीवर घुशीचे दात घासले. मला धडकी भरली. पण मी स्टीलचा! तिने डावीकडून खोदले, उजवीकडून खोदले, खालून धडका दिल्या. अखेर तिने गाशा गुंडाळला. मी मातीत ताठ बसून होतो.

कोंब दिसताच जाळी निघाली, तशा गोगलगाई चाल करून आल्या. रोज सकाळी त्यांना वेचून दूर सोडायला कोण बसे? फरशी मागणारी धाकटीच!

आणि वसंतातल्या एका सकाळी सातही ट्यूलिप उमलले, लालभडक! धाकटी ओरडतच सुटली, "ताई, अगं धाव! आईची फुलं!" दोघी माझ्या काठाशी बसून हसल्याही आणि रडल्याही. सारी गल्ली बघायला लोटली.

फुले सरल्यावर धाकटी कात्री घेऊन आली. थोरलीने हात धरला. "हिरवी पानं कापू नकोस. त्यांच्या जिवावर कंद आत्ता कुठे जेवायला बसलाय." पाने वाळल्यावर उकरले, तर कंदांना पिल्ले फुटून ओंजळ भरली होती!

"दुरुस्तीवाल्याला विचार," धाकटी म्हणाली, "आणखी एखादा ड्रम आहे का."

आता आम्ही शेजारी शेजारी दोघे आहोत. मित्रांनो, फुलांचे कौतुक सगळेच करतात. तुम्ही मात्र फुले सरल्यावरही झाडाला पाणी घाला. आणि एखादी वस्तू बंद पडली, तर फेकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा.