डिलाईल रोडचा बंद लागणारा फोन

हसू नका मित्रांनो, मीसुद्धा मोबाइलच आहे. बटणांचा, जाडजूड, कमरेला रबरबँड बांधलेला. सध्या माझा मुक्काम मंजुळाच्या सुईदोऱ्याच्या डब्यात असतो. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली, तेव्हापासून रिकाम्या पोटी पडून आहे. पण बोलायची खोड काही जात नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. आम्हा हजारो भावंडांना एका पट्ट्यावरून ढकलत नेलं, एवढंच आठवतं. तिथून मी आलो डिलाईल रोडच्या चाळीत, धर्मातात्यांच्या हातात. तात्या पूर्वी गिरणीत होते, घडी खात्यात. म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालायचं काम. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मुलगा आखातात नोकरीला, घरात तात्या आणि सून मंजुळा. दोघांत मिळून फोन मी एकटा. तात्या मला रुमालात गुंडाळून खिशात ठेवत. काय माझे लाड!

मग माझं दुखणं सुरू झालं. खोलीत प्लग एकच, त्यावर दिवसभर टीव्ही. रात्री लावला तर फोन फुटतो, असं मंजुळाला कोणीतरी सांगितलेलं. म्हणून माझी जेवणाची वेळ ठरलेली, दुपारी साडेचार. सहाला तात्या मला खिशात टाकून नाक्यावर जात. पण नाक्यावर पोचतो न पोचतो तोच मी गतप्राण. बोलणी सगळी मलाच. मंजुळाने माझे आतले पितळी दात खोडरबराने घासले. बॅटरी सैल असेल म्हणून मागे काडेपेटीचा कागद दुमडून घातला. चार्जर बदलला, शेवटी बॅटरीही नवी घातली. छे! माझं रडगाणं चालूच.

एरवी कोणी एवढं मनावर घेतलं नसतं हो. पण तात्या एका फोनची वाट बघत होते. लहू हा त्यांचा घडी खात्यातला जोडीदार. ब्याऐंशीच्या संपात दोघे खांद्याला खांदा लावून बसले. आठ महिन्यांनी घरात बायको आजारी पडली, तात्यांचा धीर सुटला आणि ते कामावर गेले. लहू एक शब्द न बोलता कोकणात निघून गेला, तो सव्वीस वर्षं गप्प. आता लहूच्या गावाहून आलेल्या, ओळखीच्या रघुवीरने निरोप आणला की लहूला श्वास पुरत नाही, एकदा बोलायचं म्हणतो. गावात रेंज नाही, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उंच माळावर, चढून नातवाच्या फोनवरून लावील.

दोन गुरुवार लहू धापा टाकत सडा चढला. दोन्ही वेळा मी बंद. मग दुसरा निरोप आला: धर्माने मुद्दाम बंद ठेवला असणार, आता येत्या गुरुवारी अखेरचा चढेन, पुढे नाही. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी मंजुळा मला घेऊन बाबुरावांकडे गेली. चाळीच्या जिन्याखाली टेबल टाकून ते फोन दुरुस्त करत. त्यांनी मला उघडलं, हुंगलं, आणि दोन तास आपल्याकडे चार्जिंगला लावलं. मी पोटभर जेवलो.

"वहिनी, फोन धडधाकट आहे," बाबुराव म्हणाले. "खोट घरात आहे. उद्या याच्यापाशी बसून राहा."

बुधवारी मंजुळा पोळीभाजी केंद्रातल्या कामावरून लवकर आली आणि माझ्यासमोर भाजी निवडत बसली. पाच वाजले. तात्या उठले. घड्याळाकडे नजरसुद्धा टाकली नाही. सरळ बोर्डापाशी गेले, तळहात फिरवून पंखा, ट्यूब, प्लग तिन्ही बटणं बंद केली आणि मोरीत तोंड धुवायला गेले. मी हे रोज बघत होतो हो, पण सांगणार कसा? मंजुळा साडेसहाला घरी आली की तीही तळव्यानेच तिन्ही चालू करी. तिला संशय यायचा कुठून? तिने विचारलं तेव्हा तात्या आपल्याच हाताकडे बघत राहिले.

गुरुवारी मंजुळा बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. पावणेसहाला मी वाजलो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी वाजलो नसेन.

"धर्मा? मी लहू बोलतंय." मधे नुसता श्वास ऐकू येत होता. "फोन कित्याक बंद ठेवलंस?"

"मी बंद नाय ठेवलंय रे," तात्या म्हणाले. "पाच वाजले की हात बटणांवर जाता. पाचाक सुट्टी झाली की खात्यातली बटणां बंद करूचा काम तुझा होता. तू येणा बंद केलंस, तेवा मी करूक लागलंय. मगे गिरण बंद पडली तरी हात ऐकाकच तयार नाय."

तात्यांनी मला कानावर एवढं दाबलं की माझी बटणं दुखली.

"सव्वीस वर्सां?" लहूने विचारलं.

"होय."

"आता नको करू रे," लहू म्हणाला. "ता काम माझा आसा."

तात्या रडले. मला कोणी रुमालाने पुसलं नाही, तरी मी तक्रार केली नाही.

तर मित्रांनो, फोन चार्ज होत नसेल तर बॅटरीला शिव्या घालण्याआधी बटण बघा, पिन बघा, घरातल्या सवयी बघा. आमचा जीव लहान असतो, तो सांभाळा. आणि एखाद्याचा फोन बंद लागला तर त्याने तो तुमच्यावरच्या रागाने बंद ठेवला, असं धरून बसू नका. दम लागला तरी चालेल, पुन्हा एकदा लावा.