एकट्याचा तंबू

नवऱ्याने माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला, तेव्हाच मी ओळखलं की आता घरातली एकही वस्तू धड राहणार नाही. आधी त्याने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. मग टॉवेलचे दोन तुकडे केले, शर्टांच्या कॉलरमागच्या कंपनीच्या पट्ट्या उसवल्या. सायकलवर सामान बांधून दोन-चार दिवस डोंगरात भटकायचं, उघड्यावर झोपायचं आणि अर्धं होऊन परत यायचं, हा त्याच्या क्लबचा उद्योग. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चिमूटभर वजनासाठी एवढा जीव टाकावा, याचं मला हसू यायचं.

आणि मला आलेलं हसू माझ्यापुरतं राहत नाही. माझं पार्लर आहे. केस कापून होईपर्यंत खुर्चीतल्या बाईला हलू द्यायचं नसतं आणि कंटाळूही द्यायचं नसतं, म्हणून मी बोलते. उचलली जीभ लावली टाळ्याला. नवरा हे माझं भांडवल, आणि त्याचं घोरणं म्हणजे तर ठेवणीतला माल. "शेजारी विचारतात, रात्रभर पाण्याची मोटर कशाला चालू ठेवता?" एवढं म्हटलं की कात्री बाजूला घ्यावी लागते, इतकी बाई हसते. वर्षभरापूर्वी मी उशी उचलून दुसऱ्या खोलीत झोपायला गेले. तो प्रसंगही मी रंगवून रंगवून सांगितला आहे. नवऱ्याचा स्वभाव गरीब. कारखान्यात पाण्याचे मीटर तपासतो आणि घरी आल्यावर मुकाट्याने माझं ऐकतो.

पार्लरला सुटी होती त्या दिवशी तो म्हणाला, "तंबू बघायला येतेस? जरा हलका घ्यावा म्हणतो."

मी गेले. खरं सांगायचं तर नवा माल मिळेल म्हणून गेले.

सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार-पाच तंबू उभे करून ठेवले होते. चपला बाहेर काढायच्या, अंगाखाली पातळ गादी घ्यायची आणि आत जाऊन आडवं व्हायचं, अशी तिथली पद्धत. दाखवणारी मुलगी चटपटीत होती, फक्त तिचे मागचे केस कुणीतरी घाईत कापले होते. नवऱ्याने आधी सगळ्यात छोटी पिशवी उचलली आणि तळहातावर तोलली. त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

"काका, तो सगळ्यात हलका, पण त्याला स्वतःच्या काठ्याच नाहीत," मुलगी म्हणाली. "डोंगर चढणारे लोक हातात काठ्या घेऊन चालतात ना, त्याच लावून उभा करायचा. सायकलवाल्याकडे कुठल्या काठ्या?"

त्याने पिशवी खाली ठेवली. तिने मग दुसरा एक करडा तंबू दाखवला. त्याच्या काठ्या आखूड घड्यांच्या होत्या, हँडलच्या दोन टोकांमध्ये बरोबर बसतील अशा. तो एकट्याचा होता. शेजारी तसाच, जरा मोठा, दोघांचा.

"खरं तर दोघांचा घेतलेला परवडतो," ती म्हणाली. "एकाच्या सायकलवर काठ्या, दुसऱ्याच्या सायकलवर कापड. वाटून घेतलं की प्रत्येकाला एकट्याच्या तंबूपेक्षा कमीच ओझं पडतं. क्लबवाले सगळे तसंच करतात. तुमचा जोडीदार कोण?"

"मी एकटाच असतो," नवरा म्हणाला, आणि तंबूची चेन वरखाली करून बघू लागला. ती चेन अगदी नीट चालत होती.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिला वाटलं आम्ही लाजतोय. "दोघं आत जाऊन बघा तरी," म्हणून तिने मोठ्या तंबूत दोन गाद्या अंथरल्या आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

आम्ही रांगत आत शिरलो. वर्षभरात पहिल्यांदा नवऱ्याशेजारी आडवी झाले, तीही दुकानात. जाळीतून लोकांची पावलं दिसत होती. तो क्षणभर उताणा पडला आणि लगेच चटका बसल्यासारखा कुशीवर वळला, माझ्याकडे तोंड करून.

"काय झालं?"

"काही नाही, सवय. झोपायच्या बनियनला मागे खिसा शिवून त्यात चेंडू घातलाय. उताणं झालं की टोचतो. कुशीवर घोरणं कमी होतं म्हणतात."

तो खिसा मी धुण्यात पाहिला होता. वेडेवाकडे टाके. म्हातारपणी क्रिकेटचं खूळ लागलंय, असं सांगून त्यावरही पार्लरमध्ये दोन बायकांना हसवून झालं होतं.

"मग, थांबलं का घोरणं?"

"मला कसं कळणार?" तो म्हणाला. "ते ऐकायला खोलीत कुणीतरी लागतं."

तो हे रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. तो सरळ उत्तर देत होता.

"क्लबात तुमची कुणाशी जोडी नाही?"

"नाही गं. लोकांना झोप हवी असते."

"पण तुम्ही घोरता हे त्यांना..." मी बोलायला गेले आणि मला माझ्याच खुर्चीतल्या बायका आठवल्या. क्लबातल्या निम्म्या जणांच्या बायका माझ्याकडे केस कापतात.

"पहिल्या सहलीच्या आधीच त्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "मोटर आली, मोटर आली, करत त्यांनी जोड्या लावून टाकल्या. माझ्याबरोबर कुणी झोपून बघितलंच नाही. त्यांच्याकडे अर्धा अर्धा तंबू असतो, माझ्याकडे अख्खा. घाटात जड पडतं. मागच्या वेळी मी वर पोचलो तेव्हा सगळ्यांचा चहा पिऊन झाला होता. या वेळी सांगितलंय, मागे पडणार असाल तर येऊ नका."

"म्हणून तो ब्रश कापलात?"

"म्हणून ब्रश."

जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं मला झालं. पण खाली जमीन नव्हती, दुकानाची गादी होती, आणि पलीकडे कुणीतरी हँडलच्या घंट्या वाजवून बघत होतं.

"मला कधी बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? तुझा धंदाच बोलण्याचा. बायका खूश होतात." मग तो म्हणाला, "तूही घोरतेस. भिंतीपलीकडून ऐकू येतं."

"मी?"

"फार नाही. पण घोरतेस. आधीपासूनच."

"आणि हे तुम्ही कुणाला..."

"छे," तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. असली गोष्ट कुणाला तरी सांगायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्या जिवावर लोकांना हसवलं, त्याने माझी झाकली मूठ एकदाही उघडली नव्हती. मला माझ्याच तोंडाची किळस आली.

आम्ही बाहेर आलो तर समोर क्लबातला घड्याळवाला. बाजारात त्याचं घड्याळांचं दुकान आहे, आणि त्याची बायको माझी जुनी गिऱ्हाईक. आम्हाला तंबूतून रांगत निघताना बघून त्याला हुरूप आला.

"काय वहिनी, आत मोटर चालवून बघितलीत वाटतं?"

नवरा हसला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. ते हसू तयार होतं. समोरचा हसायच्या आधी आपण हसून मोकळं व्हायचं, म्हणून ठेवलेलं हसू. घरीही तो माझ्यासमोर असाच हसत असणार. मी ते कधी बघितलंच नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "ह्यांचं घोरणं तुम्ही कधी ऐकलंय?"

"नाही, म्हणजे आमच्या हिने सांगितलं..."

"आणि तिला मी सांगितलं. मीही घोरते. ते मात्र ह्यांनी कुणाला सांगितलं नाही."

"अगं, राहू दे," नवरा हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याची बाजू घेत होते, आणि तीही चार लोकांत, माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. म्हणजे पुन्हा त्याचंच घोरणं, पुन्हा चव्हाट्यावर.

पण आता मागे कशी फिरू? "दोघांचा घेतला तर अर्धा तुमच्या सायकलवर घ्याल का?" मी विचारलं.

घड्याळवाला वाईट माणूस नाही. तो ओशाळला. "माझी जोडी आधीच ठरलीय ना वहिनी," असं म्हणून तो पाण्याच्या बाटल्या उलट्या करून तळ बघू लागला. गाद्या आवरायला परत आलेली मुलगीही मान खाली घालून गुंडाळी करत राहिली. मी इतकी वर्षं पसरवलेलं एका वाक्यात गोळा होणार होतं थोडंच.

"एकट्याचाच द्या," नवरा तिला म्हणाला.

घरी येईपर्यंत मी गप्प होते. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का. आल्या आल्या त्याने काट्यावर तंबू ठेवला, मग काठ्या वेगळ्या, मग पिशवी वेगळी, आणि तोंडातल्या तोंडात बेरीज करत बसला. मी माझ्या खोलीत गेले, उशी उचलली आणि त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले.

त्याने उशीकडे पाहिलं. "झोप मोडेल तुझी."

"मोडू दे. ऐकायला कुणीतरी लागतं म्हणालात ना."

तो उठला. पलंगाच्या माझ्या बाजूला त्याने सायकलच्या पिशव्या आणि पट्टे पसरून ठेवले होते. ते त्याने एकेक करून उचलले, जागा केली, चादर हाताने सारखी केली. मी उशी ठेवली. तो अजून उभाच होता. काहीतरी बोलायचं होतं त्याला, आणि माझ्यासमोर त्याला संकोच वाटत होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "जे काही ऐकशील ना, ते उद्या पार्लरमध्ये नको सांगूस."

मी नुसती मान डोलावली.