'नादावणे'चं कार्ड

शरयूला आता एकच शब्द येतो. 'बरं.' चहा हवा का विचारलं तरी बरं, पाय दुखतोय का विचारलं तरी बरं. गेल्या श्रावणात मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात गेला आणि त्याबरोबर भाषाही गेली. आणि मी, तिचा नवरा, साताऱ्यातला निवृत्त मराठीचा मास्तर, वीस वर्षं माण तालुक्याच्या बोलीचा कोश करतोय. हसा. तुमच्या जागी मी असतो तर हसलोच असतो.

कोशाचं काम साधं. एक शब्द, एक कार्ड. कार्डावर अर्थ, मूळ, आणि शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव-गाव. नियम दोनच. शब्द विचारून काढायचा नाही, माणसाच्या बोलण्याच्या ओघात तो आपणहून यायला हवा. आणि घरच्या माणसाची साक्ष घ्यायची नाही, नाहीतर लोक म्हणतील मास्तरानं बायकोला पढवलं. हा दुसरा नियम केला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शरयू म्हसवडची, तिथल्या वैद्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा अख्खं माण तिच्या तोंडात होतं. पहिल्याच पंगतीला तिनं सासूला विचारलं, "आमटी लय तिखट झालीया व्हय?" घरात हशा पिकला आणि माझे कान तापले. त्या दिवसापासून मी तिला सुधारायला घेतलं. पाहुण्यांसमोर, भाजीवाल्यासमोर, कुणाहीसमोर. ती कधी रागावली नाही. "बरं," म्हणायची आणि तेच वाक्य माझ्यासारखं म्हणून दाखवायची. पुढे पुढे वाक्य म्हणायचीही बंद झाली, उरलं फक्त बरं. मला वाटलं, चला, बायको वळणावर आली.

तिला पुन्हा बोलायला शिकवायला मयूरी नावाची मुलगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "सर, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. रोज दोन तास त्यांच्याशी बोला. त्यांच्या लहानपणीच्या बोलीत जमलं तर उत्तमच." मी मान डोलावली. पण कोश छापायला जायचा होता आणि 'नादावणे' हे एकच कार्ड अडलं होतं. एखाद्या गोष्टीमागं इतकं लागायचं की दुसरं काही सुचू नये, हा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माणच्या माणसाच्या डोळ्यांपुढं तो शब्द उच्चारताना काय येतं? मूळ म्हणून नुसतं 'नाद' लिहून मोकळा झालो तर मी कसला मास्तर! दोन तासांची वीस मिनिटं झाली. शरयू खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात धडपडायची, काहीबाही आवाज काढायची, आणि मी आतून ओरडायचो, "आलो गं, एवढं कार्ड होऊ दे." असे सहा महिने गेले. आठव्या महिन्यात ती धडपड थांबली. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग कळलं, म्हसवडचे कोंडीबा, जन्मभर मेंढरं राखलेले, हल्ली लेकीकडे आटपाडीला असतात. शेजारच्या शिवांजलीला शरयूजवळ बसवून मी पहाटेची एसटी पकडली. खिशात फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून दोन तास म्हाताऱ्याच्या अंगणात बसलो. पाऊसपाणी झालं, जावयाच्या डाळिंबाचं झालं. इतक्यात समोरून मेंढरं गेली. पुढच्या एडक्याच्या गळ्यात घंटी होती. सगळ्यांत मागं एक कोकरू एकटंच ओरडत उभं होतं.

"ह्याची आय नादावली बगा," कोंडीबा म्हणाले.

मी पुढे सरकलो. "म्हणजे काय हो?"

"घंटीमागं लागली. असती एकादी तशी. घंटीबिगर तिला दुसरं ऐकूच येत न्हाई. पोर मागं वरडतंय, पर हिचं ध्यान सगळं म्होरं."

"मग कोकराचं काय होतं?"

"व्हायाचं काय? वरडून वरडून दमतं. मग वरडायचं थांबतं."

मी चटचट कार्ड लिहायला घेतलं. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे सांगायला आज लाज वाटते. नाव-गाव विचारताना सहज म्हणालो की मी म्हसवडच्या वैद्यांचा जावई.

"आवं जावईबापू! आमच्या शरीचं मालक व्हय तुमी? मग हितवर कशापायी आलासा? ल्हानपनी आमच्या मेंढरांतच असायची की ती. असलं कोकरू दिसलं की काखंत घ्यायची आन् 'ह्याची आय नादावली' म्हनत आयला हुडकत फिरायची. तिलाच इचारायचं न्हाई व्हय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली. पेन हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूपुढे जमिनीवर बसलो आणि फोनवरचं ते रेकॉर्डिंग लावलं. कोंडीबांचा आवाज ऐकताच तिचा डावा हात वर आला. डोळे भरले. ओठ हलले, कित्येक महिन्यांनी घशातून काहीतरी फुटायला लागलं.

"बोल शरी," मी म्हणालो. माझ्या शहरी जिभेला जमेल तसं म्हणालो, "तुज्या बोलीत बोल. लय चुका कर. मी आता कायबी सुधारनार न्हाई. मी चुकलो गं, लय चुकलो."

फोनमध्ये कोकरू ओरडत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग शाळेतल्या गुणी मुलीसारखी तिनं मान खाली घातली.

"बरं," ती म्हणाली.