मेव्हण्याचं सकाळचं वाचन

चष्म्याच्या दुकानाच्या मॅनेजरने भरदुपारी एका गिऱ्हाइकाचे पाय धरले. पण असं काही घडलेलंच नाही, असं दुकानात सगळ्यांचं ठरलंय. तेव्हा आपणही तो विषय सोडू.

मॅनेजर म्हणजे मालकांचा मेव्हणा. तो नेमकं काय करतो हे मालकांनीही कधी विचारलं नव्हतं, कारण संध्याकाळी त्यांना घरी जायचं असे. आणि डोळे तपासणारी ती नंबरवाली. तिची हॉस्पिटलातली नोकरी जवळजवळ पक्की झाली होती. ऐन वेळी तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या की तुमच्या मॅनेजरचा फोन आला होता, तुम्ही गिऱ्हाइकांवर खेकसता म्हणे. नंबरवाली चाट पडली. या नोकरीचं तिने आईलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त मोबाइलला.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिला उत्तर सापडलं. कधीतरी तिने तिथल्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याने लॉग-इन केलं होतं आणि बाहेर पडायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून ती घरी लोळत मोबाइलवर जे जे शोधी, ते सकाळी मेव्हण्याच्या चहाबरोबर हजर. हॉस्पिटलचा पत्ता, मुलाखतीला काय घालावं, मानेवरचा मस, सगळं.

ती लॉग-आउट करणार होती. मग बोट आवरलं. इतक्या नेमाने वाचणारा वाचक कोणाला मिळतो?

त्या दिवसापासून ती खास त्याच्यासाठी शोधू लागली. ‘साधी काच महागडी म्हणून विकल्यास शिक्षा’. मेव्हणा नेमकं हेच करत होता; चहा अर्धा राहिला. ‘तपासणी अधिकारी गिऱ्हाईक बनून येतात का’. मेव्हणा येईल त्याला खुर्ची पुसून देऊ लागला. ‘असा अधिकारी आरशात फार वेळ का बघतो’. दुकानातले सगळे आरसे माळ्यावर गेले. शेवटी तिने माया दाखवली: ‘आपणहून कबुली दिल्यास अधिकारी सोडतो का’.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. आरसा नाही म्हणून कपाटाच्या काचेत स्वतःला निरखत बसले, बराच वेळ. मेव्हण्याने त्यांचे पाय धरले.

“साहेब, काचा साध्याच आहेत. हॉस्पिटललाही मीच खोटा फोन केला, हिची हिस्टरी वाचून.”

“बरं,” आजोबा म्हणाले. “चष्मा कधी मिळेल?”

मालक मागेच उभे होते. त्यांनी त्याच्याच तोंडून हॉस्पिटलला खरं काय ते सांगायला लावलं आणि त्याच्या हातात काचा पुसायचं फडकं दिलं. हॉस्पिटलातली जागा अजून रिकामी होती, ती तिला मिळाली. नंबरवालीने जाताना त्याला जवळ बोलावलं, त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश लॉग-आउट केलं आणि गोड हसली.

नव्या टेबलावर तिला पहिलं टपाल आलं ते त्याच्याच अर्जाचं:

“महोदया, आपण लॉग-आउट केल्यापासून आपण माझ्याविषयी काय शोधता हे समजण्याचा मार्ग बंद झाला असून अर्जदाराची झोप उडाली आहे. तरी आपले दैनंदिन शोध सायंकाळपर्यंत लेखी कळवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.”