डाव जपणारा बहुरूपी

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही, हातात धरावे असे अंगही नाही. तरी मी म्हातारा आहे, कारण आम्हा संगणकाच्या प्रोग्रॅमना दोन-तीन वर्षांतच म्हातारपण येते. मी एक जुना एम्युलेटर आहे. नावाला दचकू नका. बहुरूपी जसा कधी शंकर होतो, कधी शिपाई होतो, तसा मी संगणकात शिरून टीव्हीला जोडायच्या जुन्या खेळाच्या डब्याचे सोंग घेतो. मग त्या डब्यावरचे खेळ संगणकावर चालू लागतात.

कोणा परदेशी तरुणाने मला हौसेने घडवले आणि वाटून टाकले. फिरत फिरत मी त्रिचीच्या एका कॉलेजात पोहोचलो. तिथे शिकणाऱ्या भरद्वाजने मला सीडीवर उतरवले आणि तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या घरी आणले.

त्या घरात पूर्वी खरा डबा होता. भरद्वाज आणि त्याची धाकटी बहीण भवानी मिळून त्यावर किल्ल्याचा खेळ खेळत. निळा शिपाई त्याचा, तांबडा तिचा. पण किल्ल्याच्या शेवटच्या दाराआधी हटकून वीज जायची. डब्याला आठवण नव्हती. वीज आली की पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ! एके दिवशी डबाच बंद पडला आणि ते दार न उघडताच दोघे मोठी झाली.

मला मात्र एक विद्या येते. एक कळ दाबली की चालू डाव मी आहे तसा जपून ठेवतो.

“अण्णा, हा तर आपल्या डब्याहून शहाणा रे!” भवानी म्हणाली.

“डब्याहूनच कशाला, तुझ्याहूनही,” भरद्वाज म्हणाला.

सुट्टीसुट्टीला डाव पुढे सरकू लागला. तेवढ्यात भरद्वाजला अमेरिकेत नोकरी लागली. विजयादशमीच्या संध्याकाळी त्याची गाडी होती. तो जाण्याआधी दोघांनी मिळून ते दार उघडायचेच, असे भवानीने मनाशी ठरवले.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजा होती. त्या दिवशी घरातली पुस्तके, वीणा, शिवणाची कात्री देवीपुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. त्या वर्षी संगणकाबरोबर माझी सीडीही मांडली गेली. त्या दोघांची अंबाआत्या एकेका वस्तूला चंदन-कुंकू लावत माझ्यापर्यंत आली. सीडीची एक बाजू मळकी होती, दुसरी आरशासारखी. चकचकीत तेच तोंड, असे समजून आत्याने नेमका तिथेच ठसठशीत टिळा लावला. मित्रांनो, त्याच बाजूने तर संगणक मला वाचतो! इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

विजयादशमीला पूजा आटोपली. भवानीने सीडी घातली. संगणक मला वाचीना.

“आत्या, काय केलंत हे! मागच्या बाजूला लावायचं ना!” भवानीला रडूच फुटले.

“पाठीला कोण गंध लावतं गं? थांब, चिंच आणते. समई कशी लखलखते, बघतेस ना?”

“अय्यो आत्या, चिंच नको!” भरद्वाज धावला. “घासलंत तर सगळंच जाईल.”

“मग तूच पूस. अमेरिकेत बोलावलंय ना तुला, एवढं येत असेल की!”

त्याने थेंब थेंब पाणी लावून वाळलेले चंदन भिजवले आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने मधून कडेकडे हलकेच पुसले. बारीक चरे राहिलेच. संगणक घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि मी जागा झालो!

दोघे खेळायला बसली. शेवटचा मजला सुरू झाला, तोच बाहेर रिक्षा येऊन थांबली.

“अण्णा, थोडंच राहिलंय!”

“गाडी थांबेल का आपल्यासाठी?” त्याने कळ दाबून डाव जपला, फ्लॉपीवर उतरवला आणि फ्लॉपी खिशात घातली.

“म्हणजे तू तिकडे एकटाच दार उघडणार?”

तो पेटी उचलून रिक्षाकडे वळला. भवानी स्टेशनवर गेली नाही.

पुढे कितीतरी दिवस मला कोणी हाक मारली नाही. मग एका दुपारी भवानी इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरातून धावतच घरी आली. अण्णाने ईमेलने डाव पाठवला होता, तो तिने फ्लॉपीवर उतरवून आणला. तिकडच्या संगणकावर माझीच दुसरी प्रत उतरवून तो खेळला होता.

मी डाव उघडला. शेवटच्या दारासमोर दोन्ही शिपाई उभे होते. एकट्या भरद्वाजने, दोन हातांनी दोघांना सांभाळत, सगळा मजला पार केला होता, आणि दाराशी येऊन थांबला होता. तांबड्याला त्याने एक पाऊल पुढे उभे केले होते.

भवानीने कळ दाबून डाव पुन्हा जपला.

“उघडलं का गं दार?” आत्याने विचारले.

“नाही आत्या. पोंगलला अण्णा येतोय. तेव्हा उघडू.”

मित्रांनो, नवे खेळ जरूर खेळा, नवे संगणक घ्या. फक्त माझ्यासारख्या जुन्याला पुसून टाकण्याआधी एकदा उघडून बघा. जपलेल्या एखाद्या डावात कोणीतरी तुमच्यासाठी थांबलेले असेल.