डोळे मिटून दोन तास

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘लक्झरी’ असं लिहिलंय. लक्झरी म्हणजे काय, तर गादी जरा जास्त मऊ, दिवे मंद आणि पाण्याच्या जारमध्ये काकडीच्या चार चकत्या. बाकी काम तेच. गिऱ्हाईक आडवं होतं, डोळे मिटतं, आणि मी दोन चिमट्यांनी तिच्या पापणीचा एक केस वेगळा धरून त्याला एक खोटा केस चिकटवते. मग दुसरा, मग तिसरा. एका डोळ्याला शंभरेक. दोन तास मोडतात. त्याआधी मी एका कारखान्यात कापडावर मणी शिवायचे. तिथे कापड गप्प बसायचं, एवढाच काय तो फरक.

इथे कोणी गप्प बसत नाही. डोळे मिटले की माणसाची जीभ सैल सुटते, हे मी बारा वर्षं बघतेय. सासू, नवरा, साहेब, सगळ्यांची धुणी माझ्या गादीवर धुतली गेली आहेत. मी ‘हं, हं’ करते आणि संध्याकाळी विसरून जाते. त्या दिवशी मात्र उलटं झालं. बोलली ती उघड्या डोळ्यांनी बसलेली, आणि ऐकलं ते डोळे मिटून पडलेलीने.

आदल्या दिवशी त्या दोघी वेळ ठरवायला आल्या होत्या. आई शाळेत गणित शिकवणारी. सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात, मीही म्हणते. त्या दारातून आत शिरल्या तेव्हा मी नकळत स्टुलावर ताठ बसले. मागे मुलगी, वीसेक वर्षांची, जाड काड्यांचा चष्मा, केस कपाळावर ओढलेले, नजर फरशीवर.

“रविवारी माझ्या भाचीचं लग्न आहे,” बाई म्हणाल्या. “हिच्या पापण्या जरा भरगच्च करून द्या.”

गोंद कोणाला सोसतो, कोणाला नाही, म्हणून मी आदल्या दिवशी कानामागे एक थेंब लावून बघते. मी मुलीकडे वळले, तर बाईंनी आपलेच केस मागे सारून कान पुढे केला.

“आधी मला लावा.”

“पण करायचं हिला ना?”

“हिला काही द्यायचं तर आधी मी घेऊन बघते. तापाचं औषधसुद्धा.”

“आई, पुरे,” मुलगी पुटपुटली.

मला हसू आलं. दोघींच्याही कानामागे थेंब लावला आणि त्या हसण्याच्या नादात जे करायचं तेच राहिलं. मी मुलीला चष्मा काढायला लावला नाही. पापण्या बघितल्याशिवाय मी कधी कोणाला वेळ देत नाही. तेव्हा दिली. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी अकराला दोघी हजर. कानामागे कोणालाच काही झालं नव्हतं. मुलगी आडवी झाली, चष्मा काढला, डोळे मिटले. मी दिवा जवळ ओढला आणि माझा हात थांबला.

उजव्या पापणीच्या बाहेरच्या टोकाला सात-आठ केस, मग मोकळी जागा. डाव्या पापणीवर नुसते खुंट, एक लहान, एक त्याहून लहान. कडा लाल. आजाराने गळतात तेव्हा सरसकट गळतात, वयाने विरळ होतात तेव्हा एकसारखे विरळ होतात. हे गळलेले नव्हते. हे उपटलेले होते, आणि रोज उपटलेले होते. मला कळलं हे मुलीलाही कळलं असावं, कारण मिटलेल्या पापण्या थरथरायला लागल्या.

“अंगात उष्णता आहे तिच्या,” बाई खुर्चीतून म्हणाल्या. “त्यात परीक्षेचं टेन्शन. गळतात.”

मी गोड बोलू शकले असते. पण कामाच्या बाबतीत माझी जीभ माझं ऐकत नाही.

“बाई, खोटा केस खऱ्या केसाला चिकटवायचा असतो, कातडीला नाही. इथे धरायलाच काही नाहीये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

म्हणाले आणि लगेच वाईट वाटलं. ती पोर तिथे उताणी पडली होती आणि मी तिच्या तोंडावर म्हणी फेकत होते.

“मग ती तयार पट्टी मिळते ना, अख्खी? ती लावा.”

“लागेल. पण काढताना हे जे उगवतंय ते घेऊन जाईल. मी नाही लावणार. आणि राग मानू नका, पण ह्याला डॉक्टर असतात. माझ्या एका गिऱ्हाइकाला चांगला गुण आला होता. मी नंबर देते.”

बाईंनी मुलीकडे फक्त पाहिलं. मुलगी एव्हाना उठून बसली होती. ती नजर रागाची नव्हती. वहीतलं गणित नेमकं कोणत्या पायरीला चुकलं ते शोधतात ना, तशी होती. आणि त्या नजरेसरशी मुलीचा उजवा हात वर गेला. अंगठा आणि बोट पापणीवर.

“बबडे, हात,” बाई म्हणाल्या.

हात खाली आला. बाई बघतच राहिल्या. हात पुन्हा वर जाऊ लागला.

बाईंची नजर गेली की हात जातो, हे मला दिसलं. नंबर लिहायला कागद शोधू लागले. तेवढ्यात मुलीने चष्मा चढवला आणि म्हणाली, “आईला करा.”

“काय?”

“दोन तासांची वेळ घेतलीय ना? वाया कशाला घालवायची? तिच्याही कानामागे लावलंय.”

“मला या वयात काय करायच्यात पापण्या?” बाई म्हणाल्या.

“आई, तू सगळं आधी स्वतःवर करून बघतेस. मग हेही बघ. झोप ना. प्लीज.”

त्या ‘प्लीज’मध्ये काहीतरी होतं. बाईंनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्या पर्स खुर्चीवर ठेवून निमूट गादीवर आडव्या झाल्या. मला कोणी विचारलंही नाही. मी काय, दुकान उघडून बसलेली बाई.

मी बाईंच्या डोळ्यांखाली गार पट्ट्या लावल्या, खालच्या पापण्या त्यांच्याखाली दाबल्या, वरून चिकटपट्टी.

“आता मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. गोंदाच्या वाफेने चुरचुरतात. बोलायचं कमी, आणि रडायचं तर मुळीच नाही. ओल्या गोंदाला पाणी लागलं की तो पांढरा पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात.”

हे मी सगळ्यांनाच सांगते.

“मी रडत नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही रडत ती,” मुलगी म्हणाली. “बाबा गेले तेव्हाही नाही रडली.”

मी कामाला लागले. मुलगी दुसरं स्टूल ओढून आईच्या उशाशी बसली. पाऊण तास खोलीत माझ्या छोट्या पंख्याचा तेवढा आवाज होता. बाईंच्या पापण्या सरळ, आखूड, शिस्तीच्या. उजव्या डोळ्याला चाळीसेक केस लागले. मध्येच माझं लक्ष मुलीकडे गेलं. ती आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. आदल्या दिवसापासून तिने आईकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. आता आईचे डोळे बंद होते तेव्हा ती पोटभर बघून घेत होती. आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

“आई, एक सांगू? डोळे उघडू नकोस.”

“उघडता येतच नाहीयेत.”

“त्या दिवशी बाबांनी मला हाक मारली होती.”

मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण चिमट्यात गोंद लावलेला केस होता, तो लावला, आणि मग उठायची वेळ निघून गेली.

“तू सगळ्यांना सांगतेस, झोपेत गेले. झोपेत नाही गेले गं. तू शाळेत होतीस. त्यांनी आतून पाणी मागितलं. दोनदा. मी म्हटलं, आले. फोनवर होते मी. काही महत्त्वाचं नव्हतं, मैत्रिणीशी उगाच काहीतरी हसत होते. दहा-बारा मिनिटांनी पाणी घेऊन गेले तर...” तिचा आवाज बसला. तिने तो खाकरून साफ केला आणि पुढे बोलली. “पेला उशाशी ठेवला आणि तुला फोन केला. दोन वर्षं झाली. तू माझ्याकडे बघतेस ना, जेवताना, अभ्यास करताना, तेव्हा मला वाटतं तू तेच विचारतेयस. मग हात जातो माझा. कधी गेला ते कळतही नाही.”

बंद पापणीखाली डोळा सारखा हलत असतो, झोपलेल्याचासुद्धा. बाईंचा थांबला होता. मी चिमटे हवेत धरून बसले.

“पेला भरलेला होता,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“मी घरी आले तेव्हा उशाशी पेला होता. काठोकाठ. घोटभरही कमी नव्हता. चार दिवसांच्या तापात त्यांना उठून पाणी आणता येत नव्हतं. म्हणजे तू आणलंस. आणि न मागता तू आणणार नाहीस, म्हणजे त्यांनी मागितलं.” फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तशा त्या बोलत होत्या, एकेक पायरी. “लोक जमायच्या आत मी तो ओतला, विसळला आणि जागेवर ठेवून दिला. तुला कोणी काही विचारू नये म्हणून. झोपेत गेले, असं मीच सांगायला सुरुवात केली.”

“तुला माहीत होतं?”

“त्याच दुपारी.”

“मग बोलली का नाहीस?”

मुलांना पाढे फाडफाड विचारणारी ती बाई शब्द शोधत होती.

“मला वाटलं, मला माहीत आहे हे तुला कळलं तर तू मोडून पडशील. झाकली मूठ झाकलेली राहू दे म्हटलं. आणि मी बघते ते... जेवलीस का, रात्री झोप लागली का, हात कुठे आहे, एवढंच बघते गं मी. त्यात दुसरं काही नसतं. कधीच नव्हतं. मी डॉक्टरांनाही विचारून आले होते. दहा मिनिटं आधी कोणी गेलं असतं तर? ते म्हणाले, पाणी पिऊन गेले असते. एवढंच. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं, बबडे. फार चुकलं.”

स्टुलावर बसल्या बसल्या मुलगी पुढे वाकली आणि तिने कपाळ गादीच्या कडेला टेकवलं. तिची पाठ हलत होती.

आणि मग बाईंच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पट्टीखालून पाणी निघालं. नंतर डाव्या. आवाज नाही, हुंदका नाही, चेहरा तसाच, नुसतं पाणी कानाकडे वाहत होतं. मी लावलेले केस बघता बघता मुळाशी पांढरे पडले. ‘अहो, रडू नका’ हे माझ्या तोंडावर आलं होतं. हजार वेळा म्हटलेलं वाक्य. मी ते गिळलं आणि चिमटे खाली ठेवले.

सगळं काढावं लागणार होतं. गोंद सुटायचं औषध लावून एकेक केस ओढून घ्यायला अर्धा तास गेला. तेवढा वेळ बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. त्यांचा हात गादीवरून चाचपडत गेला आणि मुलीच्या हाताला लागला. उजव्या. तो त्यांनी धरून ठेवला.

मी पट्ट्या काढल्या. “आता उघडा.”

बाईंनी डोळे उघडले. लालभडक, आणि पापण्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. लक्झरीचं नावही नाही. सवयीने त्या मुलीकडे वळल्या, आणि मग काहीतरी आठवल्यासारख्या पटकन भिंतीकडे बघू लागल्या. इतक्या वर्षांची मास्तरीण, आणि नजर कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं.

“बघ ना,” मुलगी म्हणाली. तिने चष्मा काढला. “बघ माझ्याकडे.”

बाईंनी पाहिलं. ते खुंट, ती लाल कड, ती मोकळी जागा, सगळं जवळून पाहिलं. मुलीचा हात वर जायला निघाला. बाईंचा हात त्यातच होता, तोही बरोबर वर गेला, अर्ध्यापर्यंत. तिथे दोन्ही हात थोडा वेळ थांबले आणि पुन्हा गादीवर आले.

मी डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद बाईंच्या पर्सवर ठेवला. “रविवारी लग्नाला जाल ना?” असं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“जाऊ की. अशाच जाऊ.” बाई उठून बसल्या. त्यांचा आवाज कोरडा पडला होता. “बबडे, जरा पाणी दे गं.”

मुलगी इतक्या झटक्यात उठली की स्टूल आडवं झालं. कोपऱ्यातल्या जारपर्यंत पाच पावलं, ती पळत गेली. पेला तुडुंब भरला आणि पळतच आली. अर्धं पाणी माझ्या फरशीवर सांडलं. उरलेलं तिने दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

बाईंनी पेला तोंडाला लावला तो शेवटच्या थेंबापर्यंत काढला नाही. मग रिकामा पेला तिच्या हातात दिला.