राहिलेली वात

शैलजाचा आवाज श्रावणापासून तिच्या नवऱ्याच्या पेनात राहत होता.

पेन म्हणजे लिहायचं नव्हे, ओढायचं. बॅटरीवरची सिगारेट. वर प्लास्टिकची चोच, पोटात लिक्विड. गजेंद्रने झुरका मारला की धुराबरोबर त्याच्या तोंडातून बायकोचा आवाज बाहेर यायचा आणि "हो" म्हणायचा. शैलजाच्या स्वतःच्या तोंडातून काहीच यायचं नाही. इचलकरंजीतल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच वावगं वाटत नव्हतं. बाईचा आवाज नवऱ्याच्या तोंडून येतो, यात नवीन ते काय?

वावगं वाटत होतं एकट्या चारुशीलाला. चारू ही शैलजाची धाकटी बहीण. यंत्रमागांच्या शेडना लागून तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, ट्रिमर, मोबाईल काय येईल ते ती उघडायची आणि जोडायची. असल्या पेनांवर बंदी आल्यापासून गावातले पेनवाले गुपचूप तिच्याकडे यायचे. नवीन कार्टरिज, म्हणजे लिक्विडची टाकी आणि ते पिणारा कापूस असलेली नळकांडी, मिळत नसे, म्हणून चारू जुन्यातला जळका कापूस काढून नवा भरून द्यायची. तिचा कापूस जळत नाही, असं पोरं म्हणायची.

आवाज गेला कसा, तेही चारूला ठाऊक होतं. शैलजाच्या सासूने, आत्याबाईंनी, लाखवातींचा नेम धरला होता. आषाढीपासून वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला सगळ्या एकदम लावायच्या. नेम आत्याबाईंचा, हात शैलजाचे. वळताना बोललेलं चालायचं नाही, बोललं की वात उष्टी होते म्हणे. मग जे तोंडावर यायचं ते शैलजा चिमटीत धरायची, बोट दुधात बुडवायची आणि कापसात वळून टाकायची. दुपारभर. रोज. परातीत वातींचा ढीग वाढत होता आणि बाई आतून रिकामी होत होती.

श्रावणात गजेंद्रचं कार्टरिज जळलं. मोबाईलवर बघून त्याने स्वतःच ते उघडलं. आत कापूस भरायचा होता, आणि उठून मेडिकलपर्यंत जायचा त्याला कंटाळा. त्याने परातीत हात घातला आणि एक तयार वात उचलून तारेच्या वेटोळ्यात खुपसली. पहिला झुरका मारला. धूर "हो" म्हणाला. स्वयंपाकघरात शैलजाने भाजीवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं.

दिवस मावळता आत्याबाईंनी वाती मोजल्या.

"एक कमी आहे. कुठं टाकलीस?"

शैलजाने नवऱ्याकडे बोट केलं. नवऱ्याने झुरका घेतला. "हो," धूर म्हणाला.

"बघा, कबूल करते," आत्याबाई म्हणाल्या. "वात सापडेपर्यंत तुझं मौन सुटायचं नाही."

गजेंद्र हसला. त्या घरात त्याला तेवढंच काम होतं.

त्यानंतर शैलजाभोवतीचे आवाज एकेक करून गेले. आधी बांगड्या. मग हातातून पातेलं पडलं तर फरशीवर कापूस पडल्यासारखं पडायचं. लिहून सांगावं म्हटलं, तर पेन्सिल कागदावरून नुसती फिरायची, रेघ उमटत नसे. दसऱ्याच्या सुमाराला चारूने दुकानाच्या दारातून बहिणीला जाताना पाहिलं आणि हाक मारली. ओठ हलले. हाक आली नाही. चारूने बाकीचे शब्द म्हणून पाहिले. पाना, पक्कड, बाजार, इस्त्री. सगळे होते. फक्त "अक्का" हा शब्द तिच्या तोंडातून गेला होता.

त्या दिवशी चारूने ठरवलं, की ह्या माणसाला ती सोडायची नाही.

तिला त्याच्याकडे जावं लागलं नाही. पौर्णिमा तोंडावर आली आणि तोच आला.

"काय मेहुणीबाई, धंदा जोरात?" गजेंद्र खुर्ची ओढून बसला. "बंदी घातलेला माल हाताळता, घाबरत नाही का पोलिसांना?"

"तुम्हीच बसलाय की दाजी समोर. पोलीस आले तर तुमच्यामागे लपते."

"तुझी अक्का बिघडलीय बघ." त्याने खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. "ओढत नाही नीट. जळका वास येतो. आणि आवाज फाटतोय."

"एक झुरका मारून दाखवा."

त्याने मारला. धुरातून घोगरा, अर्धा "ह..." आला आणि विझला. चारूने चेहरा हलू दिला नाही.

"कधी पाहिजे?"

"पौर्णिमेच्या आधी. त्या दिवशी घरी बैठक आहे. नेमाला भावकी आयतीच जमणार, त्यातच उरकतो." तो पुढे वाकला. "इस्लामपूरची मुलगी बघितलीय. तुझ्या अक्काला मूल होत नाही, ते तुलाही माहीत आहे. ती राजीखुशीनं घर सोडते, एवढं तिनं चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की झालं."

"स्वतःच्या तोंडानं?"

"आवाज तिचाच आहे ना? वसंतआण्णांना विचारून घेतलंय मी. म्हणाले, आवाज बाईचा असला की बास. तोंडाचं काय एवढं."

"आणि नंतर? पेन द्याल तिला परत?"

"कशाला?" गजेंद्रला खरंच कळलं नव्हतं. "सवय झालीय मला."

तो गेल्यावर चारूने दाराला कडी घातली, चिमट्याने चोच काढली आणि कार्टरिज उघडलं. वात मधोमध कोळशासारखी काळी होती. दोन्ही टोकं अजून पांढरी होती. काळ्या भागाला चिमटा लागला तशी ती "हो" म्हणाली आणि तेवढ्या भागाचा भुगा झाला. मग चारूला कळलं. गजेंद्रने ओढओढून शैलजाचे सगळे "हो" जाळून संपवले होते. आवाज फाटत नव्हता, "हो" संपत आले होते. वातीत जे उरलं होतं ते दुसरंच होतं, आणि ते घट्ट पिळामुळे वर चढत नव्हतं.

म्हणजे माणसाची तक्रार रास्त होती. वात नीट ओढत नव्हती. चारूने ठरवलं, नीट ओढेल अशी करून द्यायची.

तिने जळका भाग झाडला. राहिलेली वात उलट्या पिळाने सैल केली आणि बारीक दात्यांच्या फणीने केसांसारखी एका दिशेने विंचरली. आपला कापूस ती नेहमी उकळून, सावलीत वाळवून ठेवायची. त्यातला हलका थर तिने भोवती गुंडाळला. घट्ट भरला तर लिक्विड चढत नाही, सैल भरला तर गळतं. ते माप तिच्या बोटांना होतं. खालचं शेपूट टाकीच्या तळाला टेकेल असं ठेवलं. इथवर ती गिऱ्हाइकाला करून द्यायची तेच होतं. पुढचं तिने कुणाला करून दिलं नव्हतं. तिने वरचं टोक कापलं नाही. तारेतून काढून, नळीतून वर नेऊन चोचीच्या तोंडाशी आणून ठेवलं, ओढणाऱ्याच्या ओठाला लागेल असं.

वातीला वर-खाली कळत नाही. ओलं जिकडे असेल तिकडून ती पिते आणि कोरडं असेल तिकडे नेते. टाकीत आहे तोवर टाकीतलं पिते. टाकी संपली की दुसऱ्या टोकाला जे ओलं असेल ते.

टाकीत तिने अगदी थोडं लिक्विड घातलं.

पौर्णिमेला सकाळीच ती बहिणीच्या घरी गेली. शैलजा परातीतल्या ढिगावर तूप सोडत होती. तुपाची धार पडत होती, आवाज नव्हता. घरही कापसासारखं झालं होतं. चारूने चपला काढून टाकल्या, त्याही वाजल्या नाहीत. हाक मारता येत नव्हती, म्हणून तिने बहिणीच्या खांद्याला हात लावला.

"आज पाणी पिऊ नकोस," ती कानाशी म्हणाली. "चहा नको, चूळ नको. थुंकीसुद्धा गिळू नकोस. तोंड वाळवून बस."

शैलजाने तिच्याकडे पाहिलं. मग शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून तिने मोरीत ओतून दिला.

गजेंद्रला मात्र चारूने बसल्या जागी ताक दिलं. मग सरबत दिलं. मग परत ताक.

"घ्या की दाजी. आज बोलायचंय तुम्हाला."

"मला कुठं? तिला बोलायचंय," तो म्हणाला आणि ग्लास रिकामा केला. चुलतभाऊ खो खो हसले.

दुपारी बैठक बसली. सोफ्यावर आणि खुर्च्यांवर पुरुष, दाराशी बायका, मधे परात. वसंतआण्णा भावकीत वडीलधारे, त्यांनी घसा साफ केला. खिडक्या आत्याबाईंनी लावून घेतल्या होत्या, वारा वातींना लागेल म्हणून. माणसं येत राहिली आणि खोली मोठी होईना. गुडघ्याला गुडघे लागले. चारू भिंतीला चिकटून उभी राहिली; भिंत तिला पुढे ढकलत होती.

"सूनबाई," वसंतआण्णा शैलजाकडे न बघता, गजेंद्रच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्ही राजीखुशीनं घर सोडताय ना? बोला. भिऊ नका."

गजेंद्रने पेन ओठांत धरलं. "कापूस लागतोय गं ओठाला," तो चोचीच्या कडेने पुटपुटला.

"लागू द्या," चारू म्हणाली. "नवीन आहे."

त्याने ओढलं. सुरेख ओढलं. धूर आला तो स्वच्छ, मोकळा, खणखणीत.

"नाही," धूर म्हणाला.

वसंतआण्णांनी कान पुढे केला.

"नाही. मी राजीखुशीनं जात नाही. दवाखान्यात तपासायला मी गेले होते, हे कधी गेले नाहीत. दोष माझ्यात नाही, डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं, तेव्हा आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. वाटेत मला म्हणाल्या, घरी बोललीस तर जीभ डागीन."

"काय बोलतोस गजेंद्र!" एक चुलतभाऊ ओरडला.

"तो नाही, ती बोलतेय," वसंतआण्णा म्हणाले. त्यांनीच नियम घातला होता. "आवाज बाईचा आहे."

गजेंद्रने पेन काढायला हात उचलला. ओठ कापसाला चिकटले होते. त्याने ओढलं तसा ओठ लांबला, पेन सुटलं नाही. त्याला श्वास घ्यावा लागला आणि श्वास घेतला की झुरका पडत होता.

"दिवाळीच्या खिरीत मीठ मी घातलं नव्हतं," धूर म्हणाला. "माझी आई वारली तेव्हा मला मातीला जाऊ दिलं नाही, कारण ह्यांच्या मित्रांचं जेवण होतं. त्यांचं मटण ढवळत मी रडले. ते सगळ्यांना आवडलं. तुम्ही पण होतात, वसंतआण्णा. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

धूर छताला गेला नाही. सरळ रेषेत खोली ओलांडून दाराशी गेला. तिथे शैलजा तोंड उघडं टाकून बसली होती. ओठांवर चिरा पडल्या होत्या, जीभ सुकून पांढरी झाली होती. त्या घरात तिच्याइतकं कोरडं काही नव्हतं. धूर तिच्या तोंडात शिरत गेला आणि तिने घोटाघोटाने तो गिळला. मनगटावर एक बांगडी वाजली.

टाकी संपली. चारूला दुरूनही दिसलं. मग टाकी भरू लागली.

वरून भरत होती. आधी ताक आणि सरबत उतरलं असेल, पांढरट होतं. मग गुळाच्या पाकासारखं दाट काही येऊ लागलं. गजेंद्रचे गाल आत गेले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. कपाळाची कातडी उन्हात टाकलेल्या लिंबाच्या सालीसारखी गोळा झाली. डोळे तेवढे ओले होते, चारूला शोधत होते. तिने नजर काढली नाही.

"ओढतंय ना नीट?" तिने विचारलं.

शेजारच्या चुलतभावाने आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली, त्याच्या पँटीला काही लागू नये म्हणून. बाकी कुणी हललं नाही. थोड्या वेळाने खुर्चीत शर्ट होता, पँट होती, आणि मांडीवर काठोकाठ भरलेलं पेन होतं.

"गजेंद्र कुठं गेला?" वसंतआण्णांनी विचारलं.

"इथंच आहेत," चारू म्हणाली.

"बरं," वसंतआण्णा म्हणाले. "मग वाती लावून घ्या. बाहेर अंधारायला लागलं."

आत्याबाई परातीपुढे बसल्या. त्यांच्या हातात काडेपेटी होती, पण हात थांबला होता. "एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "अपुऱ्या नेमाला आग लावायची नसते."

शैलजा उठली. उठताना तिच्या साडीचा आवाज झाला, पैंजणांचा झाला. तिने नवऱ्याच्या कपड्यांवरून पेन उचललं आणि चारूच्या हातात दिलं. चारूने चोच काढली, चिमट्याने वात वर ओढली. वात फुगून करंगळीएवढी झाली होती आणि निथळत होती. शैलजाने ती ओंजळीत घेतली, एकही थेंब सांडू दिला नाही, आणि ढिगाच्या अगदी टोकावर उभी केली.

"ही घ्या आत्याबाई, राहिलेली वात," ती म्हणाली. "माझं मौन सुटलं."

"अक्का," चारू म्हणाली, आणि तिला ते ऐकू आलं.

आत्याबाई वातीकडे बघत होत्या. वात तुपात पाय रोवून उभी होती आणि अगदी बारीक आवाजात, घशाला कोरड पडलेल्या माणसासारखं, "आई, पाणी" म्हणत होती.

भावकीने हात जोडले. कुणीतरी आरतीची घंटा उचलली. शैलजाने सासूच्या बोटांभोवती आपली बोटं धरली, जशी लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना धरतात, आणि काडी पेटीवर ओढली.

काडी पहिल्याच वेळेला पेटली.